युवा नाटककार, वय वर्षे ३९

कलावंताचं तारुण्य आरशात बघून ठरत नाही, ते अर्जातल्या अटींवरून ठरतं. थेस्पोसारखा नाट्यमहोत्सव पंचविशीच्या आतल्यांसाठी असतो. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीला दार लावून घेतो. संगीत नाटक अकादमीचा बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार मात्र चाळिशीपर्यंत वाट बघतो. आमचे नाटककार ३९ वर्षांचे आहेत. केंद्राच्या संस्कृती खात्याची कनिष्ठ शिष्यवृत्तीही चाळिशीपर्यंतच, पुढे थेट ज्येष्ठ. म्हणजे येत्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री ते उदयोन्मुख म्हणून झोपतील आणि सकाळी ज्येष्ठ म्हणून उठतील. नुसता ‘नाटककार’ असा रकाना कुठल्याच अर्जात नाही, त्यामुळे ते व्हायचं राहूनच जाणार.

पुण्यात सुदर्शन रंगमंचाच्या बाहेर, प्रयोग सुटल्यावर ते हमखास भेटतात. खांद्यावरची कापडी पिशवी कुठल्यातरी महोत्सवात फुकट मिळालेली असते. तिच्यावर छापलेलं साल जितकं जुनं, तितका मान मोठा. ‘काय चाललंय?’ असं विचारलं की ‘तिसरा ड्राफ्ट’ असं उत्तर येतं. लॉकडाऊनच्या आधीपासून तो तिसराच आहे. ‘नाटक कशावर आहे?’ या प्रश्नावर ते क्षणभर डोळे मिटतात आणि म्हणतात, ‘तेच एक्सप्लोर करतोय.’

सुरुवात अर्थातच पुरुषोत्तम करंडकातली. भरत नाट्य मंदिराच्या प्रेक्षागृहात ‘आव्वाज कुणाचा’ म्हणून घसा फोडून घेतल्याशिवाय पुण्यात कुणी नाटककार होत नाही. कॉलेज संपलं, पण एकांकिका सुटली नाही. पुढच्या पोरांना ते संहिता लिहून देत राहिले. २०२२ साली पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही, असं सांगून करंडक दिलाच नाही. केवढा गदारोळ झाला. आमचे नाटककार तेवढे प्रसन्न होते. त्यांची एकांकिका प्राथमिक फेरीतच गळाली होती. ‘त्यांनाही नाही, मलाही नाही. म्हणजे आम्ही बरोबरीचेच की!’

प्रेरणेच्या बाबतीत ते फार शिस्तीचे. महेश एलकुंचवार नागपुरात सिनेमाला गेले, तिकीट मिळालं नाही म्हणून तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’ बघायला जाऊन बसले आणि त्यातून मराठीला एक मोठा नाटककार मिळाला. हा किस्सा वाचल्यापासून आमचे नाटककारही सिनेमाची तिकिटं काढायला जातात. अडचण अशी की हल्ली तिकीट मिळतं. मल्टिप्लेक्समध्ये सोमवारी दुपारी जेमतेम आठ डोकी असतात. मग सिनेमा बघावा लागतो आणि प्रेरणा आणखी आठवडाभर लांबते.

म्हणून मग रेसिडेन्सी. शहरात लिहिणं होत नाही, हे त्यांचं ठाम मत. घरी दर दहा मिनिटांनी बेल वाजते. कधी गॅसवाला, कधी मीटर बघणारा, कधी ‘झालं का रे लिहून?’ म्हणून चहा घेऊन आई. तेव्हा कधी कोकणात, कधी बंगळुरूच्या बाहेर, कधी हिमाचलात ते महिनाभर राहून येतात. सोबतीला एक लिथुआनियन कवयित्री आणि एक ध्वनिकलावंत. पहिला आठवडा जागेशी ओळख करून घेण्यात जातो. दुसऱ्यात शांतता इतकी अंगावर येते की काही सुचत नाही. तिसऱ्यात सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करायचा असतो, त्यात यांच्या पिठल्याची वाहवा होते. चौथ्यात ‘काम चालू’ सादरीकरण. त्यात ते ‘मी इथं काय लिहिलं नाही आणि का’ यावर तासभर बोलतात, आणि खरंच सुंदर बोलतात. परत आल्यावर पुढच्या रेसिडेन्सीचा अर्ज. त्यांचं सर्वोत्तम गद्य या अर्जांत आहे. कुणी ते अर्जच रंगमंचावर आणले तर शंभर प्रयोग सहज होतील.

‘सर, अण्णासाहेब किर्लोस्कर महसूल खात्यात नोकरी करायचे,’ असं एकदा कुणीतरी म्हणालं. ‘खाडिलकर “केसरी” सांभाळायचे, तेंडुलकर वर्तमानपत्रांत राबायचे, एलकुंचवार कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. आळेकर तर बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्रात होते आणि त्याच काळात “महानिर्वाण” लिहून बसले.’ नाटककारांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘तेच तर,’ ते म्हणाले, ‘त्यांच्याकडे फोकस होता. आमच्याकडे वेळच वेळ आहे हो.’

पण अन्याय नको. त्यांची नाटकं होतात. लेव्हल, लाइट, टेम्पो, हॉलचं भाडं हे सगळं मित्रांच्या खिशातून. प्रयोगाला आलेले निम्मे प्रेक्षक युवा नाटककार, उरलेले नटांचे नातेवाईक. नाटक सत्तर मिनिटांचं, नंतरची चर्चा दीड तासाची. संहिता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा हक्काचा वाचक एकच, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. तिथून एकही शब्द न कापता परवानगी आली, तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. ‘कीचकवध’वर इंग्रज सरकार बंदी घालतं, ‘सखाराम बाइंडर’ कोर्टापर्यंत जातं आणि यांच्या नाटकात आक्षेप घेण्यासारखं काही सापडू नये! त्यांनी मंडळाला फोन करून ‘नीट वाचलंत ना?’ असं विचारलं, असं म्हणतात.

रॉयल्टीच्या पाकिटात रिक्षाचं भाडं सुटतं. बाकी संसार चालतो तो एका दैनंदिन मालिकेवर. हे ते कुणाला सांगत नाहीत. श्रेयनामावलीत त्यांचं नाव भलत्याच आडनावानं झळकतं. पण आठवड्यातून सहा दिवस, रोजचा एक भाग ते लिहितात. सकाळी वाहिनीकडून फोन येतो, ‘सुनेला आजच घराबाहेर काढा, नटी सुट्टीवर चाललीय.’ रिक्षात बसल्या बसल्या, आईच्या चहाबरोबर, मीटरवाल्याला आकडा दाखवता दाखवता सून घराबाहेर निघते. सासूच्या तोंडी ते अशी काही वाक्यं घालतात की शेजारच्या काकू ती दुसऱ्या दिवशी आपल्या सुनेला ऐकवतात. इतकं जिवंत, चुरचुरीत, माणसांच्या तोंडचं मराठी त्यांच्या तिसऱ्या ड्राफ्टमध्ये औषधालाही सापडत नाही. पण ते लिखाण नव्हे. ते काम.

परवा रात्री त्यांनी नव्या रेसिडेन्सीचा अर्ज भरला. शेवटचा प्रश्न होता, ‘लिहिण्यासाठी आपणांस कशा वातावरणाची आवश्यकता आहे?’ त्यांनी विचार करून लिहिलं, ‘संपूर्ण एकांत. मुदतीचं कोणतंही दडपण नको.’ अर्जाची मुदत रात्री बाराची. बाराला दोन मिनिटं कमी असताना तो पाठवला आणि लगेच दुसरी फाइल उघडली, कारण सकाळी सातला युनिटला सासू हवी होती.