दिशा बदला, दशा बदलेल

पैठण रस्त्यावरच्या चितेगावात टीव्ही तयार होत, त्या काळी औरंगाबादच्या सिडकोतल्या आमच्या घरात नवाकोरा मॉनिटर आला. खोकं फोडलं, बटण दाबलं, तर पडद्याच्या कोपऱ्यात जांभळा डाग! निदान मात्र सगळ्यांचं तयार होतं. शेजारचे काका म्हणाले, "व्होल्टेज." मामा म्हणाला, "व्हायरस." वास्तुशास्त्रवाली आत्या म्हणाली, "तोंड दक्षिणेला आहे, पूर्वेकडे फिरवा." आम्ही मनसोक्त हसलो.

दुकानदाराने फोनवर एवढंच विचारलं, "बाजूला स्पीकर आहे का?" होता ना! त्यातलं चुंबक पिक्चर ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉनांना वाट चुकवत होतं. स्पीकर लांब ठेवला, मेनूतलं 'डीगॉस' दाबलं. मॉनिटर धुम्म करून थरथरला आणि डाग गेला. डोळ्यांना त्रास देणारी लुकलुक रिफ्रेश रेट ६० वरून ८५ हर्ट्झवर नेल्यावर थांबली.

खरी गोम पुढे कळली. पृथ्वीही एक चुंबकच. त्यामुळे सीआरटीचं, म्हणजे पिक्चर ट्यूबवाल्या मॉनिटरचं, तोंड फिरवलं की रंग किंचित बदलू शकतात. म्हणजे आत्या अगदीच चुकली नव्हती! हे तिला आजतागायत सांगितलेलं नाही. नाहीतर उद्या फ्रीजही पूर्वाभिमुख व्हायचा.