खरखरलक्षण : घनसावंगी तालुक्यातील वाहनधारकांसाठी मार्गदर्शन

गाडीतला रेडिओ खरखरू लागला की घनसावंगीच्या चौकात पहिला इलाज सेटच्या कानशिलात मारण्याचा असतो. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या या पद्धतीला अधूनमधून यशही येते, कारण सैल झालेली वायर धक्क्याने घडीभर जागेवर बसते. घडीभरच. दुसरा इलाज म्हणजे, ‘नाना, सेटच बदला, लई जुना झालाय.’ हा उपाय दुकानदाराला लागू पडतो, रेडिओला नाही. प्रस्तुत मार्गदर्शन हे दोन्ही उपाय करून झालेल्या, तरीही आशा न सोडलेल्या वाहनधारकांसाठी आहे.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे. दासबोधाचा दुसरा दशक मूर्खलक्षणांनी सुरू होतो आणि पढतमूर्खाच्या लक्षणांनी संपतो. म्हणजे आधी लक्षण ओळखावे, ही शिस्त इथल्याच मातीतली. आपणही पान्ह्याला हात लावण्यापूर्वी लक्षणे पाहू.

सर्वप्रथम इंजिन बंद करावे आणि रेडिओ चालू ठेवावा. खरखर तशीच राहिली तर गाडी निर्दोष आहे, बॉनेट उघडू नये, मान वर करावी. गाडी बहुधा अकरा हजार व्होल्टच्या तारेखाली उभी असते. तडकलेल्या इन्सुलेटरवर बारीक ठिणग्या उडत असल्या की त्यांची खरखर मध्यम लहरींवर ऐकू येते. गाडी दोनशे मीटर पुढे न्यावी. आवाज मागे राहिला, तर खांबाची खूण लक्षात ठेवून लाइनमनला सांगावे. त्याचे येणे या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहे. बांबूने तार हलवून खात्री करून घेणाऱ्यांसाठी मात्र कोणतेही मार्गदर्शन उपलब्ध नाही.

इंजिन सुरू होताच आवाज येत असेल तर त्याची जात पाहावी. अ‍ॅक्सिलेटर दाबला की चढणारी आणि सोडला की उतरणारी शिट्टी आल्टरनेटरची. (जुने ड्रायव्हर त्याला डायनामो म्हणतात, त्यावरून वाद घालू नये.) आल्टरनेटर तयार करतो ती वीज उलटसुलट वाहणारी असते. आतले डायोड तिला एका दिशेला लावतात, पण तिच्यातले तरंग पुरते जात नाहीत. ते सेटपर्यंत पोचले की शिट्टी वाजते. हेडलाइट लावल्यावर ती वाढली तर संशय पक्का समजावा. एखादा डायोड गेला असेल तर बॅटरीही नीट चार्ज होत नाही, म्हणून ही शिट्टी रेडिओच्या नव्हे, बॅटरीच्या काळजीने ऐकावी.

दुसरी जात टकटकीची. इंजिनाच्या वेगाबरोबर ती दाट होते आणि पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगच्या ठिणगीतून निघते. रेझिस्टरचे प्लग आणि योग्य प्लगवायर बसवल्यावर ती बरीच शमते. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लगच नसतो. तरीही ट्रॅक्टरवाल्याला ‘आधी प्लग बदला’ असे ठणकावून सांगणारा माणूस प्रत्येक टपरीवर भेटतो. पढतमूर्ख शोधायला दासबोधच उघडावा लागतो असे नाही.

मग वायपर, पंखा, एलईडी दिवे आणि मोबाइलचा चार्जर एकेक करून बंद करावेत. स्वस्त चार्जर आणि स्वस्त एलईडी यांच्यातली सर्किटे सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि रेडिओत भुणभुणतात. चार्जर उपटताच आवाज थांबला, तर पुढचे मार्गदर्शन वाया गेले असे समजून आनंदाने निघावे.

उरलेल्यांनी आवाजाची वाट शोधावी. पेनड्राइव्हवरचे गाणे लावून पाहावे. शिट्टी तिथेही असेल तर ती वायरिंगमधून शिरते आहे. शिट्टी फक्त रेडिओवर असेल तर अँटेनाची पिन काढून पाहावी. पिन काढताच आवाज गेला, तर तो अँटेनातून येत होता. आकाशवाणी परभणी 1305 किलोहर्ट्झवर खरखरते आणि छत्रपती संभाजीनगर 101.7 मेगाहर्ट्झवर स्वच्छ लागते, यात परभणीचा अपराध नाही. मध्यम लहरींत आवाज लहरीच्या उंचीवर स्वार असतो आणि ठिणगी नेमकी ती उंचीच बिघडवते. एफएम उंचीकडे फारसे पाहत नाही.

अँटेनाच्या बुडाशी बहुधा दसऱ्याचा रंग सापडतो. सणाला गाडी रंगवताना नटाखालीही ब्रश फिरतो, बुडाचा पत्र्याशी संबंध तुटतो आणि अँटेनाच्या केबलची जाळी निरुपयोगी होते. तेवढी जागा खरवडून पत्रा चमकवावा. अँटेना मोडल्यावर छत्रीची काडी लावण्याची प्रथा आहे. ती चालते, फक्त काडी पत्र्याला टेकू देऊ नये.

वायरिंगची वाट असेल तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी आधी पाहावी. ती गंजलेली किंवा तुटलेली असते, किंवा मागच्या मेकॅनिकने ‘काही होत नाही’ म्हणून सोडून दिलेली असते. सेटची काळी वायर उघड्या, स्वच्छ धातूवर घट्ट बसवावी. लाल वायर थेट बॅटरीवरून आणावी आणि फ्यूज बॅटरीजवळच घालावा. एवढ्यानेही भागले नाही तरच चोक-कंडेन्सरचा फिल्टर विकत घ्यावा. आधी फिल्टर आणून मग अर्थिंग पाहणारे पैशाने सुखी असतात, त्यांना अडवू नये.

आल्टरनेटर तपासण्यासाठी चालत्या इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढण्याची गॅरेजी परीक्षा मात्र कोणालाही करू देऊ नये. त्या क्षणी व्होल्टेज उसळते, आणि खरखरीबरोबर सेटही कायमचा शांत होतो.

या खटाटोपाने खचू नये. 1930 साली अमेरिकेत पॉल गॅल्विन आणि त्यांच्या साथीदारांनी मोटारीत रेडिओ बसवला, तेव्हा त्यांनाही इंजिनाच्या खरखरीशीच झगडावे लागले होते.

शेवटी ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना एक विनंती. खरखर गेली म्हणून आवाज वाढवू नका. पुढच्या चढावर मागून जीपवाला केव्हाचा हॉर्न देतोय, तो तुम्हाला ऐकू यायला हवा. आणि सेटवरचे पैसे वाचलेच, तर ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावा.