एवढा दम कोण धरणार?

कोरियाचं युद्ध चालू, त्यात पोलाद कामगार संपाच्या तयारीत. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी 8 एप्रिल 1952 ला पोलाद कारखानेच ताब्यात घेतले. 2 जूनला सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी सुनावलं, कायदे करणं संसदेचं काम. बिचारे ट्रूमन! त्यांच्या राज्यघटनेत वटहुकूम काढू देणारा आपला अनुच्छेद 123 नव्हता ना.

आपल्याकडे बघा. भंडाऱ्यातल्या जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीसह 41 कारखान्यांच्या कंपन्या करायचं ठरलं. कामगार संघटनांनी संपाचा इशारा दिला. संसद 19 जुलै 2021 ला भरणारच होती, पण एवढा दम कोण धरणार? 30 जूनला राष्ट्रपतींची सही झाली, वटहुकूम हजर. संपावर गेलात तर वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, असं त्यात होतं. चिथावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत. सगळ्यांनी मिळून किरकोळ रजा टाकली तर तोही संप. गरजेच्या ओव्हरटाइमला नाही म्हटलं, तरी संपच! बारूद हाताळणाऱ्याला दमण्याचीसुद्धा चोरी.

बरं, ट्रूमन निदान स्वतःच्या डोक्यानं अडकले. आपल्या राष्ट्रपतींना सल्ला मंत्रिमंडळाचा, आणि बहुमतही त्याच मंत्रिमंडळाच्या पाठीशी. मग भांडायचं कुणी कुणाशी? पेगॅसस हेरगिरीच्या गदारोळात 3 ऑगस्टला लोकसभेनं आणि 5 ला राज्यसभेनं वटहुकुमाच्या जागी आलेलं विधेयक हातावेगळं केलं. 1 ऑक्टोबरला भंडाऱ्याची फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या नव्या कंपनीची झाली.