कंबर वळत नाही

ब्राउन्स हा क्लीव्हलंडचा फुटबॉल संघ आजवर एकदाही सुपर बोलपर्यंत पोचलेला नाही. 2017 साली तर सोळाच्या सोळा सामने हरला. अशा गावात आशा ठेवायला एकच जागा उरते, ती म्हणजे एप्रिलअखेरचा ड्राफ्ट. कॉलेजच्या पोरांची व्यावसायिक संघांत तेव्हा वाटणी होते, आणि जो जास्त हरला त्याचा नंबर आधी. या एका रांगेत आमचं गाव सहसा पुढे असतं. ड्राफ्टपंडित ही जमात इथे फोफावली ती त्यामुळेच.

पंडित एरवी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतो. समोरच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे शिक्षण त्याला तिथेच मिळालेलं असतं. जानेवारी लागला की रात्री जेवण उरकून तो कॉलेजच्या सामन्यांची चित्रणं लावून बसतो. जीव सगळा लाइनबॅकरवर. क्वार्टरबॅकबद्दल काय, त्याच्या सासूबाईंनाही मत असतं. लाइनबॅकर ओळखायला नजर लागते, आणि ती गावात एकट्यालाच आहे.

तसं काम अवघडच. आघाडीच्या धिप्पाड फळीमागे हा पोरगा उभा. चेंडू हलला की निमिषात ठरवायचं, धावणाऱ्याला आडवं करायचं की फेक अडवायला मागे हटायचं. पंडित चित्र थांबवतो. "बघ, समोरचा गार्ड डावीकडे सरकला. धाव कुठे जाणार ते त्यानं ओरडून सांगितलं, आणि आपला हिरो चेंडूकडे बघत बसलाय!" मला बावीस माणसांचा ढीग दिसतो. मी मान हलवतो. तो मागे नेऊन पुन्हा दाखवतो. मी पुन्हा मान हलवतो.

पोराने हंगामात सव्वाशे टॅकल केले असं सांगावं, तर "त्यातले निम्मे समोरचा आठ यार्ड पळून गेल्यावर." टॅकल कमी असले, तर "मग करतो काय हा?" वजनाचंही तेच. पूर्वी 245 पौंडांखालच्या पोराकडे पंडित ढुंकून बघत नसे. आता संघ फेकाफेकीच फार करतात. ती अडवायला एक लाइनबॅकर बसवून पाठीमागे पाचवा चपळ गडी आणतात, आणि उरलेल्या दोघांना मैदानभर पळावं लागतं. त्यामुळे 225 पौंडही चालतात. म्हणजे चालायला हवेत. पण 225 वाला दिसला की हा म्हणतो "वाऱ्याने उडेल", 245 वाला "दगड", आणि 235 वाला "धड ना इकडचा ना तिकडचा."

या सगळ्यातून एखादा निसटलाच, तर शेवटचं वाक्य राखून ठेवलेलं असतं: "कंबर वळत नाही." धावता धावता वळून मागे पळताना पोरगं अडखळतं, असा त्याचा अर्थ. यावर अपील नाही. म्हणणाऱ्याची स्वतःची कंबर सोफ्यातून उठताना दोनदा विचार करते, हा मुद्दा ग्राह्य धरला जात नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कम्बाइन भरतं. चाळीस यार्ड पळवतात, 225 पौंडांची दांडी छातीवरून जमेल तितक्या वेळा उचलायला लावतात, हाताची लांबी मोजतात, वीतसुद्धा मोजतात. बरीच वर्षं बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची बुद्धिचाचणीही होती. 2022 मध्ये ती बंद केली. पंडिताला वितीचा फार कळवळा. हस्तांदोलन करताना तो तुमचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवतो. 2018 ला शकीम ग्रिफिन हा लाइनबॅकर तिथे आला. एक हात लहानपणीच कापलेला. चाळीस यार्ड त्याने 4.38 सेकंदांत काढले आणि वीत मोजणाऱ्यांची भलतीच पंचाईत केली.

चुकण्याचं पंडिताला वावडं नाही, फक्त आठवण राहत नाही. 2009 साली वेक फॉरेस्टचा ॲरन करी म्हणजे सर्वांत बिनधोक निवड, असा झाडून सगळ्यांचा कौल होता. सिॲटलने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं आणि तिसऱ्याच हंगामात दुसऱ्या संघाच्या गळ्यात मारलं. "मी तेव्हाच म्हणालो होतो." 2021 चा ड्राफ्ट खुद्द आमच्या गावात भरला. ब्राउन्सनी दुसऱ्या फेरीत जेरेमाया ओवुसू-कोरामोआ हा सडसडीत गडी घेतला, तेव्हा पंडिताने वाऱ्याचा उल्लेख केला. दोन वर्षांनी तोच गडी प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या मानाच्या यादीत निवडला गेला. "मी तेव्हाच म्हणालो होतो."

सॅम मिल्सचा विषय मात्र त्याच्यापुढे जपून काढावा. न्यू जर्सीच्या मॉन्टक्लेअर स्टेट या लहानशा कॉलेजातला हा लाइनबॅकर, उंची पाच फूट नऊ इंच. ड्राफ्टमध्ये कुणी विचारलंच नाही. 1981 मध्ये ब्राउन्सनी बोलावलं आणि हंगामाआधीच नारळ दिला. कॅनडातल्या संघानेही तेच केलं. मिल्स शाळेत शिकवायला लागला. पुढे यूएसएफएल या नव्या लीगमध्ये चमकला, तिथून न्यू ऑर्लिन्स सेंट्स, मग कॅरोलायना पँथर्स. पाच वेळा प्रो बोल. शार्लटला स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, आणि 2022 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली. कँटन क्लीव्हलंडहून गाडीने तासाभराचा रस्ता. मी हे सगळं पंडिताला एका दमात ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मिल्सची कंबर वळायची."

तेव्हा एप्रिलअखेर क्लीव्हलंडला येणार असाल तर खुशाल या, तलावाकाठी हिंडा, संग्रहालयं बघा. फक्त यंदा लाइनबॅकर कोण चांगला, एवढं कुणाला विचारू नका. अगदीच राहवलं नाही, तर परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं काढा.