बनी तो बनी

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण ज्याने काढली तो नक्की हातचलाखीवाला असणार. प्रयोग जमला तर टाळ्या, फसला तर सामान गुंडाळून मानवत रोडची गाडी. जन्मभर जादूचा नाद केला, त्यात या म्हणीने मला गुरुमंत्रासारखी साथ दिली.

गाव मात्र चुकीचं पडलं. पाथरी हे साईबाबांचं जन्मस्थान अशी इथली श्रद्धा. शिर्डीकरांना हे मान्य नाही, जानेवारी २०२० मध्ये त्यांनी त्यासाठी गाव बंद ठेवलं, तो भाग निराळा. पण ज्या गावात बाबांनी पाण्यावर पणत्या पेटवल्याची गोष्ट पोरं पाळण्यात ऐकतात, तिथं मी बदामची राणी ओळखून काय तीर मारणार? ‘बरंय’ म्हणतात आणि सुपारी कातरायला घेतात.

त्यात आमचा अभ्यास चोरून करायचा. पत्ता तळहातात दडवायला बोटांना सवय लागते, म्हणून मी एसटीतसुद्धा हात चालू ठेवतो. परिणाम एवढाच, की सासुरवाडीला अजून मी तीनपत्तीवाला वाटतो. फ्रान्सचा जादूगार रोबेर हूदँ मूळचा घड्याळजी. आत्मचरित्रात तो सांगतो, की मागवले घड्याळाचे ग्रंथ आणि दुकानदाराने चुकून दिले जादूचे. त्याच्या घरच्यांना निदान दुकानदाराला शिव्या देता आल्या. आमच्या घरी तेवढीही सोय नाही.

माझा हुकमी प्रयोग म्हणजे तांब्या. जादूगार पी. सी. सरकारांनी ‘वॉटर ऑफ इंडिया’ म्हणून जगभर मिरवलेला. तांब्या पालथा करायचा, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायचं, लोकांना तळ दाखवायचा. मग दुसरा एखादा खेळ करून परत उचलायचा, की पुन्हा धार! सगळं गुपित फोडत नाही. एवढंच सांगतो, की हवा आत शिरल्याशिवाय पाणी जागचं हलत नाही, आणि हवेचं दार माझ्या अंगठ्याखाली असतं. खरी मेहनत अंगठ्याची. तो निवांत दिसला पाहिजे, जणू त्याचा या भानगडीशी संबंधच नाही. पितळ चिंचेनं लख्ख घासलं की अंगठा घसरतो. म्हणून माझा तांब्या कायम थोडा कळकट. बायकोला वाटतं आळस.

पण हा प्रयोग मराठवाड्यात करायचा म्हणजे आगीशी खेळ. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो हा मुलूख. चौथ्यांदा धार निघाली की टाळ्या थांबतात आणि लोक विचारात पडतात. एका सप्त्यात एक आजोबा खेळ संपल्यावर शांतपणे म्हणाले, “मास्तर, ह्याला मोटर किती पॉवरची बसंल?” दुसऱ्यानं तोडगा काढला, “कॅनॉलचं आवर्तन येईस्तोवर माझ्या उसाकडं ठेवतो, मग नेऊन देतो.” मी म्हटलं, “काका, ही नुसती हातचलाखी आहे.” त्यावर काका इतके खट्टू झाले, की जणू मीच जायकवाडीचं पाणी अडवलं होतं.

सरकारांचा प्रसंग आठवतो. ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीवर त्यांनी करवतीनं मुलगी कापली. ती उठायच्या आत निवेदकानं कार्यक्रम गुंडाळला आणि इंग्लंडभरातून घाबरलेल्या लोकांचे फोन सुरू झाले. विलायतेत मुलगी मेली की काय म्हणून फोन. पाथरीत आला असता तर ‘ती करवत सुताराला भाड्यानं देता का’ म्हणून आला असता.

पुण्याचे जादूगार रघुवीर डोळ्यांवर पट्टी बांधून मोटारसायकल चालवत. आमच्या रस्त्यांवर उघड्या डोळ्यांनी चालवणं हाच प्रयोग, त्याला तिकीट कोण काढणार?

इतकी वर्षं पुस्तकं चाळून, आरशासमोर बोटं मोडून माझं मत पक्कं झालंय: खरा उस्ताद बाजारातला गारुडी. ना पडदा, ना टेबल, चारी बाजूंनी माणसं, आणि तरी वाटीखालचा गोळा गायब. आम्ही स्टेजवाले त्याच्यापुढं कच्चेच. आमची जादू फक्त समोरून चालते. तेव्हा पाथरीकरांनो, पुढच्या खेळाला एवढी कृपा करा, मागच्या भिंतीवरची पोरं तेवढी खाली उतरवा.