वायफायची वाटणी

पुण्यात फ्लॅट शेअर करणाऱ्या चौघांचं वायफाय म्हणजे भाऊबंदकीतली वडिलोपार्जित जमीन. एकाने टॉरंट लावला, की बाकीच्यांच्या मीटिंगा गोठतात. मग एखादा हुशार गडी जुन्या पीसीत दुसरं लॅनकार्ड खुपसतो, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवर आधारलेली राउटरची प्रणाली चढवतो आणि लिनक्समध्ये २०१८ पासून असलेली ‘केक’ ही रांग लावणारी व्यवस्था ‘यंत्रागणिक समान वाटा’ असं बजावून चालू करतो. आता टॉरंटने शंभर कनेक्शनं उघडली तरी वाटा एकच. न्याय झाला! फक्त केक यंत्रं मोजतो, माणसं नाही. टॉरंटवाल्याने लगेच लॅपटॉपच्या जोडीला दोन जुने फोन आणि टॅब कामाला लावून चार वाटे पदरात पाडले. बिलाचा वाटा मात्र तो माणशी एकच देतो, तोही पुढच्या महिन्यात.