येऊनच राह्यलो ना!

फोन लावला की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं. "येऊनच राह्यलो ना भाऊ, नांदुऱ्याच्या पुढे आलो." आमची आडत खामगावात. नांदुऱ्याहून इथे यायला गाडीवर अर्धा तास पुरतो. आमच्या भाऊंना कधी चार तास लागतात, कधी दोन दिवस.

असे एक भाऊ प्रत्येक तालुक्याच्या गावात असतात. आईबापांनी नाव काहीही ठेवलेलं असो, बाजारपेठेच्या मोबाईलमध्ये ते 'भाऊ लॅनवाले' म्हणूनच सेव्ह असतात. पाठीवर काळी बॅग. तिच्यात क्रिम्पिंगचा पान्हा, टेस्टर, कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधून काढलेली रॅम आणि शेगावच्या कचोरीची तेलकट पुडी. वही मात्र नाही. भाऊ काही लिहून ठेवत नाहीत. "लिहलं का चोरी जाते. डोक्यातलं कोन नेते?"

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि आमच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरसमोर तीन माणसं उभी राहू लागली. काउंटरवाल्याला बिल काढायचं, गोदामवाल्याला आवक चढवायची आणि मुनीमजींना दोघांच्या चुका काढायच्या. शेठनी भाऊंना बोलावलं.

"एक सर्व्हर बसवू," भाऊ म्हणाले. "सारा हिशोब एका जागी. बाकीचे त्यालेच विचारतीन."

"म्हंजे मुनीमच म्हना."

"हाव शेठ. पण चहा पीत नाही."

मुनीमजींनी त्या दिवसापासून भाऊंशी बोलणं टाकलं.

पुढे लायसन्सचा विषय निघाला. टॅली हे सॉफ्टवेअर मुळात एका व्यापाऱ्याच्या अडचणीतून निघालं. श्यामसुंदर गोयनकांना आपल्या धंद्याच्या हिशोबाला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून १९८६ च्या सुमाराला त्यांनी मुलाला, भरतला, ते लिहायला बसवलं. त्या टॅलीत एकट्या कॉम्प्युटरचं लायसन्स 'सिल्व्हर' आणि नेटवर्कवर सगळ्यांनी मिळून वापरायचं ते 'गोल्ड'. भाऊ म्हणाले, "सिल्व्हर नाही चालत." खामगावच्या भर बाजारात बसून, जिथली चांदी लोक लांबून येऊन नेतात! शेठ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सोन्याचा भाव विचारावा तसा गोल्डचा भाव विचारला.

भाऊंना बघावं ते वायरीचं टोक बांधताना. केबलचं निळं साल ब्लेडने अलगद उतरवायचं, आतल्या आठ तारांचे पीळ सोडवायचे, त्या चिमटीत सपाट धरायच्या आणि ओठांत पुटपुटायचं: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. मग तारा एका रेषेत कापून पारदर्शक टोपीत सारायच्या, पान्हा दाबायचा, कट्! टेस्टरवर एकापाठोपाठ एक दिवे लागतात. आमच्या गोदामाच्या वायरीचा सातवा दिवा लागला नाही.

"चालते," भाऊ म्हणाले. "आठातले चारच काम करतात. बाकीचे नुसते हजेरी लावतात."

मला ही शुद्ध थाप वाटली. नंतर कळलं, शंभर एमबीपीएसच्या वेगाला खरोखर चारच तारा लागतात: पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. आमच्या ऑफिसचंही गणित साधारण तेच आहे. पुढे हजाराच्या वेगाचा स्विच आणला तेव्हा आठही तारा लागल्या, पण तोवर सातव्या तारेचा विषय सगळे विसरले होते. गोदाम अजून शंभरवरच आहे.

खरं रामायण नंबरांवरून झालं. आमच्यासारख्या छोट्या नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्राला बहुधा १९२.१६८ असा सुरू होणारा पत्ता देतात, शेवटचा आकडा ज्याचा त्याचा. भाऊंनी राउटरला १ दिला, सर्व्हरला २, पुढे काउंटर, गोदाम, आणि शेठना ५.

"दुकान कोनाचं हाय?" शेठ म्हणाले. "एक नंबर त्या डब्याले काहून?"

भाऊंनी समजावलं. शेठनी मान डोलावली. भाऊ गेल्यावर पुतण्याकडून आपला नंबर १ करून घेतला. आता एकाच घरनंबरची दोन घरं झाली, पोस्टमनने पत्र टाकायचं कुठे? इंटरनेट घटकेत यायचं, घटकेत जायचं. हंगामाचे दिवस, बाहेर कापसाच्या गाड्या, आत आम्ही चौघं राउटरच्या दिव्यांकडे, पीकपाण्याच्या भाकितासाठी भेंडवळची घटमांडणी वाचावी तसे बघत बसलेलो. तिसऱ्या दिवशी भाऊ आले. स्क्रीनवर दोन मिनिटं नजर फिरवली आणि सगळं समजूनही पुतण्याचं नाव घेतलं नाही.

"शेठ, एक नंबर तुमच्यासाठी लहान पडते. एकशे एक करून देतो. शगुनाचा."

शेठनी चहा मागवला, वर बिस्किटं. इंजिनिअरिंगच्या कुठल्या पुस्तकात हे शिकवतात, मला माहीत नाही.

गोदाम मागच्या आवारात, अंतर शंभर मीटरच्या वर. तांब्याची ही केबल शंभरापुढे भरवशाची नाही, म्हणून भाऊंनी मधे चौकीदाराच्या खोलीत एक छोटा स्विच बसवला. त्यानंतर गोदाम रोज दुपारी दोन ते चार बंद पडू लागलं. व्हायरस पाहिला, केबल बदलली. "पिंग जाऊन राह्यलं, पन परत येऊन नाही राह्यलं," एवढाच निष्कर्ष. शेवटी भाऊ एका दुपारी चौकीदाराच्या खाटेवर जाऊन बसले. दोन वाजता चौकीदाराने स्विचचा प्लग काढला आणि आपला मोबाईल चार्जिंगला लावला. भाऊंनी त्याला रागावलं नाही. बॅगेतून तीन प्लगांचा बोर्ड काढून दिला आणि बिलात 'नेटवर्क विस्तार' असं लावलं.

सर्व्हर देवघराशेजारी आहे, कारण गार कोपरा तोच. लक्ष्मीपूजनाला लाल वह्यांबरोबर त्यालाही हळदकुंकू लागतं. एका वर्षी झेंडूचा हार नेमका पंख्याच्या जाळीवर आला आणि लक्ष्मी तापून बंद पडली. तेव्हापासून हार मॉनिटरला.

भाऊंनी सर्व्हरमध्ये दोन डिस्क बसवायला लावल्या होत्या, दोन्हींवर तोच हिशोब. शेठनी त्या वेळी भाऊंना लुटारू ठरवलं होतं. मागच्या आठवड्यात एक डिस्क मेली आणि बिलं एक मिनिटही थांबली नाहीत. मुनीमजीसुद्धा म्हणाले, "मानूस कामाचा हाय."

नवी डिस्क आणून ठेवली आहे. सर्व्हरचा पासवर्ड भाऊंच्या डोक्यात आहे, आणि भाऊ नांदुऱ्याच्या पुढे आले आहेत.